शेवटचा शब्द कोणाचा? : प्रस्तावना

८ मार्च २०२१ या सोमवारी देशभर ओटीपी येईनासे झाले. बँकांचे व्यवहार अडले, आधारची पडताळणी अडली, ज्येष्ठांसाठी नुकत्याच सुरू झालेल्या कोविड लसीकरणाची नोंदणीही अडली. मोबाइलचे टॉवर ठीक होते, बँकांचे संगणक चालू होते, संदेश पाठवलेही जात होते. ते वाटेत गळत होते. टेलिकॉम नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१८च्या विनियमांनुसार नकोशा जाहिराती रोखण्यासाठी प्रत्येक व्यावसायिक संदेशाचा मजकूर आधी नोंदवलेल्या साच्याशी ताडून पाहायचा होता. मोबाइल कंपन्यांनी ही गाळणी त्या दिवशी पूर्णपणे लागू केली. ज्यांचे साचे नोंदवलेले नव्हते किंवा नोंदीशी जुळत नव्हते, त्यांचे संदेश नियमाप्रमाणे बाद झाले. दुसऱ्याच दिवशी ट्रायने ही तपासणी सात दिवसांसाठी थांबवली.

या घटनेत दोषी शोधू गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. फोर्टमध्ये मुख्यालय असलेल्या रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९पासून ऑनलाइन कार्ड-व्यवहारांना जादा पडताळणीची सक्ती केली, ती ग्राहकाचा पैसा सांभाळण्यासाठी. ट्रायने गाळणी आणली, ती त्याच ग्राहकाला जाहिरातींच्या माऱ्यातून सोडवण्यासाठी. दोन्ही संरक्षणं योग्य, आणि दोन्ही एकाच माणसासाठी. एका एसएमएसवर ती समोरासमोर आली आणि गाळणीचं चाललं, कारण वाटेत शेवटी तीच उभी होती. संदेश किती महत्त्वाचा आहे याचा विचार त्या निकालात कुठेच नव्हता.

या पुस्तकाचा विषय हाच आहे. टेलिफोन असो की सॉफ्टवेअर, त्यात एकेक सुविधा वाढत जाते. प्रत्येक सुविधा वेगळी काढून तपासली तर बिनचूक असते. दोन एकत्र आल्या की मात्र कधी एक दुसरीला निकामी करते, तर कधी दोन्ही मिळून असं काही घडवतात, जे कोणीच मागितलेलं नसतं. अभियंते याला फीचर इंटरॅक्शन म्हणतात. मी सुविधांची टक्कर म्हटलं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: ही टक्कर कायमची टाळता येत नाही, पण तिचा निकाल आधी लावून ठेवता येतो. तो कोडच्या पोटात न दडवता स्वतंत्र धोरण म्हणून लिहिता येतो, आणि ज्याला तो भोगायचा आहे त्याला वाचता येईल असा ठेवता येतो. पुढची सगळी प्रकरणं या म्हणण्याचा पाठपुरावा करतात.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज आलं १८८२ साली. सुरुवातीच्या काळात प्रत्येक कॉल माणसाच्या हातून जात असे. नंबर मागितला की ऑपरेटर दोर खोचून जोडणी करून देई. त्या व्यवस्थेत सुविधा जवळजवळ नव्हत्या, पण समज होती. डॉक्टर दवाखान्यातून निघाले आहेत, घरी लावून देऊ का, असं विचारण्याइतकं भान ऑपरेटरकडे असे. दोन गरजा आपसात भिडल्या तर कोणती आधी, हे ती त्या क्षणी ठरवी. एक्स्चेंज स्वयंचलित झालं तेव्हा वेग वाढला, चुका कमी झाल्या, खर्च उतरला. हे सगळं उत्तमच झालं. मात्र ऑपरेटरच्या डोक्यात असलेला निवाडा यंत्रात जाताना कोणी लिहून घेतला नाही. पुढे डिजिटल एक्स्चेंज आली आणि नव्वदच्या दशकात महानगर टेलिफोन निगमच्या साध्या घरगुती फोनवरही कॉल वेटिंग, कॉल फॉरवर्डिंग, हॉटलाइन, पहाटेचा अलार्म, एसटीडी लॉक अशा सुविधा मिळू लागल्या. निवाड्याची गरज वाढली ती तिथून.

एक उदाहरण जवळून पाहू. गिरगावात दवाखाना आणि दादरला घर असलेले एक डॉक्टर आहेत असं समजा. दवाखान्याच्या फोनवर त्यांनी सोय करून ठेवली आहे की कोणी उचलला नाही तर कॉल घरी जावा. घरच्या फोनवर उलटी सोय आहे: फोन एंगेज असेल तर कॉल दवाखान्यात जावा. दोन्ही मागण्या शहाण्या माणसाच्या आहेत. रात्री साडेनऊला लालबागहून एका पेशंटचा मुलगा दवाखान्यात फोन करतो. दवाखाना बंद, रिंग वाजत राहते, कॉल दादरला जातो. घरी डॉक्टरांची मुलगी डायल-अप मोडेमवर इंटरनेट लावून बसली आहे, म्हणून फोन एंगेज. कॉल परत गिरगावात. तिथे कोणी नाही, म्हणून पुन्हा दादरला. एक्स्चेंजने या फेऱ्या मोजल्या नाहीत तर कॉल असाच फिरत राहील. मोजल्या तर ठरावीक फेऱ्यांनंतर एंगेज टोन ऐकवून कॉल सोडून देईल. एक्स्चेंजच्या दृष्टीने प्रश्न तिथे मिटतो. लालबागच्या मुलाचा मिटत नाही.

आता घरच्या फोनवर कॉल वेटिंग आहे असं धरा. दुसरा कॉल आला की चालू कॉलमध्ये टोन ऐकू येतो, आणि त्या टोनने मोडेमचं कनेक्शन तुटतं. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना हे आठवत असेल. म्हणून मुलीने कॉल वेटिंग बंद करून ठेवलं. ते चालू असतं तरी पुढचा प्रश्न उरतोच: फोन एंगेज असताना आलेल्या कॉलला टोन द्यायचा की तो पुढे पाठवायचा? कॉल वेटिंग आणि एंगेजवरचं फॉरवर्डिंग, दोन्ही एकाच क्षणी जागी होतात आणि दोघींना एकच कॉल हवा असतो. कोणती जिंकणार हे एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने कधीतरी ठरवलेलं असतं. डॉक्टरांना त्याने विचारलेलं नसतं. विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं: दिवसा कॉल दवाखान्यात जाऊ दे, रात्री नऊनंतर मात्र काहीही चालू असलं तरी मला टोन ऐकू येऊ दे.

एसटीडी लॉकचं उदाहरण याहून नाजूक आहे. परळच्या एखाद्या घरात बिल वाढू नये म्हणून एसटीडीला कुलूप घातलं आहे. त्याच फोनवर फॉरवर्डिंगसाठी पुण्याचा नंबर दिला, तर आलेला प्रत्येक स्थानिक कॉल पुण्याला जाणार आणि त्या पुढच्या टप्प्याचं मीटर या घराच्या नावावर पडणार. कुलूप फक्त हाताने फिरवलेल्या कॉलला आहे, की या फोनच्या नावाने निघणाऱ्या प्रत्येक कॉलला? सुविधेच्या माहितीपत्रकात हे सहसा लिहिलेलं नसतं, कारण माहितीपत्रक एका वेळी एकाच सुविधेचं वर्णन करतं. टक्कर मात्र दोन पत्रकांच्या मधल्या जागेत राहते.

ही मधली जागा किती मोठी आहे हे आकड्यांवरून कळेल. दहा सुविधांच्या जोड्या होतात ४५. पन्नासच्या १,२२५. शंभर सुविधांच्या ४,९५०, आणि तीन-तीन सुविधांचे गट धरले तर १,६१,७००. मोठ्या एक्स्चेंजमध्ये सुविधांची संख्या शेकड्यांत जाते. प्रत्येक जोडी माणसाने बसून तपासायची म्हटलं तर तपासणी संपण्याआधी नव्या सुविधा येऊन उभ्या राहतात. त्यातही प्रत्येक जोडी भांडत नाही, आणि भांडते तेव्हा दरवेळी नुकसान होतंच असं नाही. म्हणून शोधायचं कुठे, हाच पहिला प्रश्न होऊन बसतो.

परस्परविरोधी मागण्यांचा निकाल आधीच लावून ठेवण्याचं काम मुंबईत दुसऱ्या एका खात्याने फार पूर्वीपासून केलं आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९२० साली दादर आणि करी रोडच्या दरम्यान विजेवर चालणारे स्वयंचलित सिग्नल आणले आणि १९२८ साली बोरीबंदर ते भायखळा या टप्प्यात रंगीत दिव्यांचे. त्याही आधीपासून रेल्वेजगतात इंटरलॉकिंग होतं. जॉन सॅक्सबीने इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट घेतलं १८५६ साली. त्याचं तत्त्व असं, की ज्या दोन मार्गांवरच्या गाड्या एकमेकींना छेदतील, त्या दोन्ही मार्गांना एकाच वेळी सिग्नल देणं यंत्रानेच अशक्य करून ठेवायचं. कोणता मार्ग लागला असताना कोणते मार्ग बंद राहतील, कोणते सांधे कुठल्या बाजूला कुलूपबंद असतील, याचा तक्ता आधी कागदावर तयार होतो. परळहून सुटणाऱ्या लोकल २०१९मध्ये सुरू झाल्या. असा नवा फलाट, नवा मार्ग जोडायचा तर यार्डाचा तो तक्ता नव्याने तपासावा लागतो, आणि त्यासाठी ब्लॉक घेऊन गाड्या बंद ठेवाव्या लागतात. मुंबईकर त्याचा त्रास सोसतात, पण त्या त्रासाच्या मोबदल्यात त्यांना पक्की हमी मिळते.

सॉफ्टवेअरला हाच मार्ग जसाच्या तसा का लागू पडत नाही, हे पुस्तकाच्या पहिल्या भागात सविस्तर आलं आहे. मुख्य कारणं दोन. रेल्वेच्या यार्डात मार्ग मोजके असतात आणि ते एकाच मालकाचे असतात. टेलिफोनमध्ये कॉल करणारा एका कंपनीचा, घेणारा दुसऱ्या कंपनीचा, मधली सेवा तिसऱ्याची. संपूर्ण तक्ता कोणाकडेच नसतो. दुसरं कारण असं, की दोन गाड्या एकमेकींवर येऊ नयेत याबद्दल कोणाचं दुमत नसतं. डॉक्टरांच्या फोनवर काय व्हावं याबद्दल मात्र डॉक्टर, त्यांची मुलगी आणि लालबागचा मुलगा, तिघांच्या इच्छा वेगळ्या आहेत आणि तिन्ही रास्त आहेत. अशा ठिकाणी निव्वळ अटकाव पुरत नाही, निवड करावी लागते.

या प्रश्नाला नाव मिळालं अमेरिकेत, बेलकोर या संशोधनसंस्थेत, ऐंशीच्या दशकात. १९९२ साली फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला या एकाच विषयावर पहिली कार्यशाळा झाली आणि पुढच्या वर्षी ज्ञात टकरींची एक नमुना-यादी प्रसिद्ध झाली, जी आजही शिकवली जाते. त्यानंतर दोन वाटा फुटल्या. एक होती रचनेची. एटी अँड टीमध्ये पामेला झेव्ह आणि ब्रिटिश संगणकतज्ज्ञ मायकल जॅक्सन यांनी १९९८ साली अशी मांडणी सुचवली, की प्रत्येक सुविधा एक स्वतंत्र घटक असेल आणि कॉल या घटकांच्या रांगेतून जाईल. रांगेत कोण आधी, कोण नंतर, यावरून निकाल लागेल. ही मांडणी स्वच्छ आहे आणि तिच्यावर गणिताने बोलता येतं. दुसरी वाट होती धोरणांची. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात केनेथ टर्नर आणि स्टेफान राइफ-मार्गानिएक यांनी या शतकाच्या सुरुवातीला सुचवलं, की सुविधा विकत देण्याऐवजी वापरणाऱ्याला त्याची इच्छा सांगू द्यावी, ती धोरण म्हणून वेगळी साठवावी, आणि कॉल येईल तेव्हा यंत्रणेने ती धोरणं तपासून काय करायचं ते ठरवावं.

धोरणाचा साचा साधा आहे. काय घडलं, कोणत्या परिस्थितीत घडलं, आणि मग काय करायचं, असे तीन भाग. डॉक्टरांचं धोरण असं लिहिता येईल: घरी कॉल आला, घरचा फोन चालू असला आणि रात्रीचे नऊ वाजून गेलेले असले, तर टोन द्यावा, पुढे पाठवू नये. स्टर्लिंगच्या धोरण-भाषेत याला आग्रहाची पातळीही जोडता येते: हे झालंच पाहिजे, हे व्हावं, हे झालं तर बरं. डॉक्टरांचा रात्रीचा टोन पहिल्या पातळीवरचा आणि मुलीची अखंड इंटरनेटची इच्छा तिसऱ्या. दोन्ही लिहिलेल्या असल्या की टक्कर कॉल येण्याआधीच दिसते, आणि निकाल देताना यंत्रणेजवळ आधार असतो. इथे एक गोष्ट विशेष आहे. कॉल वेटिंग आणि फॉरवर्डिंग या सुविधांचं भांडण अभियंत्याच्या भाषेतलं आहे. रात्री पेशंटचा फोन लागला पाहिजे, ही इच्छा घरातल्या कोणालाही समजते. धोरण लिहिलं की वाद त्याच्या खऱ्या जागी येतो.

धोरणंही अर्थातच आपसात भिडतात. तेव्हा त्यांच्या वरचा निकाल लागतो, आणि या बाबतीत आपल्याकडे जो विचार झाला आहे त्याची दखल संगणकाच्या पुस्तकांत क्वचितच घेतली जाते, म्हणून मी त्याला एक पूर्ण प्रकरण दिलं आहे. गिरगावात आंग्रेवाडीत राहून महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. पहिला खंड १९३० साली आला, पाचवा १९६२ साली पूर्ण झाला, आणि १९६३मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. वकिलीत मुरलेल्या या विद्वानाच्या ग्रंथात एक प्रश्न पुन्हापुन्हा येतो: दोन वचनांचा विरोध आला तर कोणतं मानायचं? मीमांसकांनी त्यासाठी पायऱ्या बांधल्या होत्या. श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या ही सहा प्रमाणं उतरत्या बळाची. विरोध आला की आधीचं नंतरच्याला बाधतं. सामान्य नियमाला विशेष नियम अपवाद ठरतो. आणि दोन्हींपैकी वाटेल ते करा असं म्हणणं, म्हणजे विकल्प, हा अगदी शेवटचा उपाय, कारण त्यात आठ दोष येतात असं त्यांचं मत होतं. आजच्या यंत्रणेत टकरीचा निकाल जो आधी पोहोचला त्याच्या बाजूने लागतो, तेव्हा प्रत्यक्षात विकल्पच स्वीकारलेला असतो, तोही नकळत.

पाणिनीच्या अष्टाध्यायीतही, पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादाच्या दुसऱ्या सूत्रात, याच प्रश्नाचं उत्तर आहे: सारख्या बळाचे दोन नियम एकाच जागी लागू होत असतील तर काय करावं. परंपरेने त्याचा अर्थ घेतला, की सूत्रपाठात जो नंतर आला तो चालवावा. ऋषी राजपोपट यांनी केंब्रिज विद्यापीठातल्या प्रबंधात, जो २०२२ साली चर्चेत आला, वेगळा अर्थ मांडला: शब्दाच्या उजव्या बाजूच्या भागाला लागणारा नियम चालवावा. या वादात कोण बरोबर हे वैयाकरणांनी ठरवावं. आपल्या कामाचा धडा असा, की निकालाचा नियम लिहून ठेवला एवढ्याने भागत नाही. त्याचा अर्थ दोन प्रकारे लावता येत असेल तर टक्कर एक पायरी वर सरकते, इतकंच.

संगणकक्षेत्राने हे नियम आता उघडपणे लिहायला सुरुवात केली आहे. कोणाला कशाचा प्रवेश द्यायचा हे लिहिण्यासाठी २००३ साली प्रमाणित झालेल्या एक्सएसीएमएल या भाषेत प्रत्येक धोरणसंचाला निकालाची रीत जोडावी लागते: नकार असेल तर नकारच चालेल, किंवा परवानगी असेल तर परवानगी, किंवा क्रमाने पहिलं लागू होणारं धोरण चालेल. यांतली कुठलीही रीत सगळीकडे बरोबर नाही. बँकेच्या तिजोरीला पहिली योग्य, आगीच्या वेळच्या दरवाजाला दुसरी.

हे दरवाजाचं उदाहरण लालबाग-परळच्या वाचकाला दूरचं वाटू नये. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत आता कार्डाने उघडणारे दरवाजे असतात. त्यांतलं चुंबकी कुलूप वीज असेपर्यंत दरवाजा धरून ठेवतं आणि वीज गेली की सोडतं. चोरांना वीज तोडून आत येता येऊ नये म्हणून सुरक्षेवाले त्याला बॅटरी जोडतात. त्यांचं बरोबर आहे. पण आग लागून वीज गेली तर त्याच बॅटरीमुळे दरवाजा बंद राहील. म्हणून आगीच्या अलार्मने कुलपाचा पुरवठा थेट तोडावा अशी जोडणी करावी लागते, बॅटरीसकट. लिफ्टमध्ये तर याहून बारकावा आहे. दारात कोणी उभं असेल तर प्रकाशाचा किरण अडतो आणि दार मिटत नाही; ही सुविधा माणसाला चेंगरण्यापासून वाचवते. आगीत धुरानेही तो किरण अडू शकतो, आणि लिफ्ट नेमकी पेटलेल्या मजल्यावर दार उघडं ठेवून थांबेल. त्यामुळे आगीच्या वेळी किरणाचं म्हणणं ऐकायचं नाही, असं वेगळं धोरण लागतं. एक सुरक्षा दुसऱ्या सुरक्षेला कधी बाजूला सारते, हे शांतपणे बसून ठरवण्याची वेळ आग लागण्याच्या आधीची असते.

धोरण लिहिताना कोणाचा हात जवळ आहे याकडेही पाहावं लागतं. कॉल फॉरवर्डिंगचं अलीकडचं प्रकरण हेच सांगतं. एक अनोळखी माणूस फोन करतो, तुमच्या सिममध्ये बिघाड आहे असं भासवतो आणि *४०१ने सुरू होणारा एक कोड दाबायला सांगतो. तो दाबला की तुमचे सगळे कॉल त्याच्याकडे वळतात. मग तो तुमच्या खात्यासाठी ओटीपी मागवतो आणि एसएमएसऐवजी कॉलवर सांगा असा पर्याय निवडतो. ओटीपी वाचून दाखवणारा कॉल त्याच्या हातात पडतो. फॉरवर्डिंगने तिचं काम चोख केलं, ओटीपीच्या सेवेनेही केलं. फोन ज्याचा, तोच तो उचलणार, या समजुतीवर दुसरी सुविधा उभी होती आणि पहिलीने ती समजूत गुपचूप काढून घेतली. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४पासून असे कोड दाबून होणारं फॉरवर्डिंग थांबवायला कंपन्यांना सांगितलं. लोकांचे पैसे जात असताना हा निर्णय आवश्यक होता. पण त्यात एका सुविधेला दुसरीसाठी थांबावं लागलं, आणि ज्यांना तिची खरी गरज होती त्यांना दुसरा मार्ग शोधावा लागला. वळवलेल्या नंबरावर ओटीपी सांगू नये, एवढं बारीक धोरण लागू करायचं तर कॉल वळवला गेला आहे हे ओटीपी देणाऱ्याला कळलं पाहिजे, आणि त्यासाठी दोन वेगळ्या संस्थांनी एकमेकींना माहिती देण्याचं कबूल केलं पाहिजे. तंत्र तयार असतं, करार नसतो.

इथे मला या विषयाचा गाभा दिसतो. सुविधांच्या टकरीत शेवटचा शब्द कोणाचा, हा प्रश्न दिसतो तांत्रिक, पण असतो अधिकाराचा. फोन घरातल्या तिघांचा असतो, दरवाजा इमारतीतल्या सगळ्यांचा असतो. धोरण लिहिणारा बहुधा कंपनीचा माणूस असतो, आणि टक्कर होते तेव्हा तो तिथे नसतो. म्हणून चांगल्या धोरण-व्यवस्थेकडून मी चार गोष्टींची अपेक्षा धरतो. निकालाचा नियम लिहिलेला असावा. तो कोणी लिहिला याची नोंद असावी. तो बदलण्याचा अधिकार कोणाला आहे हे स्पष्ट असावं. आणि एखादा कॉल, संदेश किंवा दरवाजा का अडला, हे विचारणाऱ्याला त्याच्या भाषेत उत्तर मिळावं. ८ मार्चच्या दिवशी ज्यांचे ओटीपी गळले, त्यांना यांपैकी शेवटची गोष्ट मिळाली असती तरी अर्धा गोंधळ कमी झाला असता.

धोरणांच्या मर्यादाही पुस्तकात झाकलेल्या नाहीत. धोरणं फार झाली की ती वाचणं अवघड होतं आणि लोक ती तयार साच्यातून न पाहता उचलतात. प्रत्येकाला आपली इच्छा नेमकी सांगता येतेच असं नाही. ती अनेकदा टक्कर झाल्यावर कळते. आणि काही टकरी इतक्या वेगात होतात, की तिथे विचारपूस करायला वेळ नसतो. गाडीचे दरवाजे वेग वाढल्यावर आपोआप लॉक होतात आणि अपघात झाला की उघडावे लागतात. तो निकाल कारखान्यातच लागलेला बरा. कुठे निकाल यंत्रात कायमचा बसवावा आणि कुठे तो वापरणाऱ्याच्या हाती ठेवावा, याची रेघ ओढायला शिकणं हेच या विद्येतलं खरं कौशल्य आहे.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्यात टकरींचे प्रकार आणि त्यांची उदाहरणं येतात, बहुतेक टेलिफोनमधली, कारण हा विषय तिथेच वाढला. दुसऱ्यात टकरी शोधण्याच्या पद्धती आहेत: कागदावर, गणिताने, आणि चालू यंत्रणेत. तिसरा भाग धोरणांचा. लिहावीत कशी, भिडली तर निकाल कसा लावावा, मीमांसा आणि आधुनिक नियम यांची तुलना. चौथ्या भागात इमारती, दवाखाने, बँका आणि घरातली स्मार्ट उपकरणं यांतल्या टकरींचा अभ्यास आहे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने क्रमाने वाचावं. सोसायटीचे सेक्रेटरी, रुग्णालयाचे प्रशासक, बँकेतले अधिकारी यांनी पहिला आणि चौथा भाग आधी वाचला तरी चालेल. गणित फक्त दुसऱ्यात आहे आणि तेही बेताचं.

हे मराठीत लिहिण्याचं कारण सरळ आहे. ज्या धोरणांचे परिणाम गिरगावच्या आजींना आणि परळच्या वॉर्डबॉयला भोगायचे आहेत, त्यांची चर्चा त्यांना परक्या भाषेत ऐकावी लागू नये. एक्स्चेंजमधल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी जुन्या सुविधांचे बारकावे समजावले, विद्यार्थ्यांनी प्रत्येक उदाहरणाला उलटतपासणी लावली, आणि घरच्यांनी रात्री-अपरात्री चाललेलं लेखन सांभाळून घेतलं. त्या सर्वांचा मी ऋणी आहे.

वाचकाकडे एकच मागणं आहे. पुस्तक संपवल्यावर आपण सांभाळतो त्या कोणत्याही यंत्रणेसाठी, ती ऑफिसची असो, इमारतीची असो की घरची, एक पान लिहावं: इथे कोणत्या दोन सुविधा भिडू शकतात, भिडल्या तर कोणाचं चालेल, हे कोणी ठरवलं, आणि कोणाला बदलता येईल. असं पान आधीपासून असेल तर ते संबंधितांना दाखवावं. नसेल तर त्यांना बोलावून, एकत्र बसून, आजच लिहायला घ्यावं.

दादर, मुंबई
विजयादशमी